पिशवीचं तोंड

कारखान्यात तिला सगळ्या तोंडवाली म्हणत. यात शिवी नव्हती, निदान सुरुवातीला तरी नव्हती. कापडी पिशव्या शिवायच्या त्या लांबलचक खोलीत प्रत्येकीचं काम ठरलेलं होतं. एक जण कापड कापायची, एक बाजू जोडायची, एक बंद लावायची आणि ही पिशवीचं तोंड दुमडून त्यावर दुहेरी टीप मारायची. बाजू उसवली तर चार दिवस चालवून घेता येतं, पण तोंड उसवलं की पिशवी कामातून गेलीच, असं ती नव्या पोरींना बजावून सांगे. बावीस वर्षं तिनं नुसती तोंडं शिवली होती. नाव कामावरून पडलं आणि स्वभावाला चिकटलं, कारण तिचं स्वतःचं तोंड काही कुणाला शिवता आलं नव्हतं.

तिला प्रश्न पडत. तसे ते सगळ्यांनाच पडतात, पण बाकीचे लोक गिळून टाकतात आणि ही विचारून मोकळी होई. दाताच्या डॉक्टरांना तिनं भुलीचं इंजेक्शन चढायच्या आत विचारून घेतलं होतं, की तुमचे दात कोण काढतं? शेजारी नवं जोडपं राहायला आलं तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं त्या बाईला विचारलं, की दोघंच तर आहात, मग एवढ्या उशा कशाला? नवरा कपाळावर हात मारून घेई. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरंच होतं, पण तिला चहाड्यांची हौस नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं असे.

एके दिवशी दुपारी डबे उघडायच्या वेळेला तिचा फोन वाजला. हात तेलकट होता म्हणून तिनं कोपरानं बटण दाबून तो स्पीकरवर टाकला.

"नमस्कार, आरोग्य केंद्रातून बोलतेय. पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची आहे. कधी जमेल तुम्हाला?"

तोंडवालीनं हातातला घास डब्यात ठेवला. बावीस वर्षांत तिच्या कामाची अशी फोन करून तपासणी कुणी केली नव्हती.

"करा की खुशाल. माझ्या हातचं तोंड उसवत नाही. किती नग आहेत?"

"नग... एकच आहे ताई. तुमचाच."

"एका नगासाठी कुणी फोन करतं होय? आणि कापड कुठलं आहे?"

"ताई, गर्भपिशवी," पलीकडची बाई हसू दाबत म्हणाली. "गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी."

खोलीत जो हशा उसळला त्यात इस्त्रीवालीला ठसका लागला आणि कात्रीवालीला तिच्या पाठीत गुद्दे घालावे लागले. तोंडवाली स्वतःही पोट धरून हसली. मग डोळे पुसत फोनला म्हणाली, "अहो, माझी पिशवी काढून अकरा वर्षं झाली. आता तोंड कुठनं आणू?"

"पूर्ण काढलीय का? ऑपरेशनचा कागद असेल तर एकदा दाखवून जा."

"दाखवते हं," असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि कागदाचा विषय तिच्या डोक्यातून तिथंच गेला. पण बाकीचा विषय गेला नाही. कारण हसणं ओसरल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती तिला वेगळी वाटली. नऊच्या नऊ जणी आपापल्या डब्यात बघत होत्या.

"कुणाकुणाला आला होता असा फोन?" तिनं विचारलं.

शेवटी कात्रीवाली बोलली. ही कारखान्यातली सगळ्यात धीट बाई. कापडाचे आठ थर एका दमात कापायची, आणि मालकालाही तोंडावर सुनवायची. "मला दोनदा आला," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मी परगावी आहे म्हणून सांगितलं. इथंच बसले होते, हे असं जेवत."

"आणि मी गेले होते," इस्त्रीवाली म्हणाली. ही सगळ्यांत लहान, तिशी नुकती उलटलेली. "दारापर्यंत गेले. दारावरची पाटी वाचली आणि परत आले."

"काय होतं पाटीवर?"

"चपला बाहेर काढाव्यात."

"मग?"

"माझे तळवे फुटलेत हो मावशी," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

बाकीच्या पुन्हा हसल्या. तोंडवाली हसली नाही. तिला नवल वाटलं. कर्करोगाच्या भीतीनं जाणं किंवा न जाणं तिला समजलं असतं. दुखेल म्हणून टाळणंही समजलं असतं. पण दोन फुटलेल्या टाचा एका बाईला दारातून माघारी पाठवतात, हे काही तिला ठाऊक नव्हतं. आणखी काय काय आपल्याला ठाऊक नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला चटकच लागली.

आठवडाभर तिनं भेटेल त्या बाईला विचारलं. बंद लावणारी म्हातारी, जिला आता वर्षभरातच घरी बसायचं होतं, ती म्हणाली, "चार बाळंतपणं झाली गं माझी. तेव्हा आख्खा दवाखाना बघत होता, मला काही वाटलं नाही. कारण तेव्हा पोर येत होतं. आता काय येणार आहे? आता नुसतंच बघणार." दुकानात शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, की तपासणीचं काही नाही, पण घरी काय सांगून निघायचं? एकीनं सांगितलं, की माझा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, मला कशाला बोलावतात, लोक काय म्हणतील? आणि एकीनं, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, हळूच विचारलं, की तिथं जायच्या आधी सगळं साफसूफ करून जावं लागतं का, आणि करून गेलं तर ती सिस्टर काय समजेल? तोंडवालीला उत्तर माहीत नव्हतं. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, की विचारून सांगते.

आणि तिनं खरंच जाऊन विचारलं. ("काहीही करायला नको," सिस्टर म्हणाली, "अंघोळ केलीत तरी पुष्कळ.") तिथून तिच्या अंगात आलं. कात्रीवालीला ती म्हणाली, "चल, मी येते बरोबर. बघू कोण खातंय तुला." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? स्वतःची पिशवीच नाही म्हटल्यावर तिच्याएवढी निर्भय बाई त्या गावात दुसरी नव्हती.

आरोग्य केंद्रातल्या बाहेरच्या खोलीत एकाच लोखंडी दांडीवर जोडलेल्या आठ खुर्च्या होत्या. एकीनं पाय हलवला की आठही हलत. त्यामुळे तिथं कुणाला भीती लपवता येत नसे. सगळ्या बायका पर्स मांडीवर घेऊन, तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसलेल्या असत. समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं आणि त्याच्याकडे सोडून सगळीकडे त्या बघत. तोंडवाली उठून चित्राजवळ गेली, चष्मा लावून तिनं ते वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई, ही तर उलटी टांगलीय. तोंड खाली! मग आतलं सांडत कसं नाही?"

कोपऱ्यात बसलेली एक बाई खुदकन हसली. ती शाळेत शिकवायची. मुलींना हेच चित्र फळ्यावर काढून दाखवते, नावं पाठ करून घेते, असं तिनं सांगितलं. "आणि स्वतः कितव्यांदा आलात?" तोंडवालीनं विचारलं. शिक्षिका लाल झाली. "पहिल्यांदाच," ती म्हणाली. "बोलावणं येऊन नऊ वर्षं झालीत."

दहा मिनिटांनी कात्रीवाली आतून बाहेर आली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच. दोनदा मी परगावी जाऊन आले ना, ते उगाचच," कात्रीवाली म्हणाली, आणि रस्त्यानं जाताना तिला इतकं हसू येत होतं, की दोनदा थांबावं लागलं. पुढच्या आठवड्यात इस्त्रीवाली गेली, मोजे घालून. तोंडवालीचा सल्ला होता तो. मग शेजारची उशांवाली गेली. आरोग्य केंद्रातली सिस्टर, जी बारीक अंगाची, हळू बोलणारी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवणारी बाई होती, ती आता तोंडवालीला दारातूनच ओळखायला लागली. "मावशी, तुमच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवू का इथं?" ती म्हणे. तोंडवालीला ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढे.

अशाच एका दिवशी ती तिथं बसलेली असताना दारात तिची धाकटी जाऊ आली.

ही जाऊ दोन गल्ल्या सोडून राहायची. थोरली जितकी बोलकी तितकी धाकटी अबोल. कुठल्याही गोष्टीवर मिठाची गुळणी धरून बसायची, आणि मग चार दिवसांनी एखादं वाक्य बोलायची. तिचंही ऑपरेशन झालं होतं, थोरलीच्या नंतर सात महिन्यांनी, त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांच्या हातून. हातात बोलावण्याची चिठ्ठी होती, घड्या पडून मऊ झालेली.

"तू इथं कशाला?" तोंडवालीनं विचारलं.

"ताई, अधूनमधून डाग दिसतो," जाऊ अगदी हळू आवाजात म्हणाली. "म्हटलं, दाखवून यावं."

"अगं, डाग काय, उष्णतेनंही दिसतो. तुझी पिशवी काढलीय ना? पिशवीच नाही, तर तोंड कुठलं? उगाच रांगेत बसून काय करणार? जा घरी."

जावेचा चेहरा एकदम सैल झाला. एखाद्या पोराला शाळा नाही म्हणून सांगावं तसं तिला झालं असावं. "मग जाऊ ना?" तिनं एकदा विचारलं, चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि ती आलेल्या पावली परत गेली. तोंडवालीलाही बरं वाटलं. आपल्या माणसाचा फुकटचा त्रास वाचवला, असं तिला वाटलं.

त्याच दिवशी सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, सगळ्या गावाला आणलंत. तुमचा कागद राहिलाय."

"माझी पिशवी नाही हो सिस्टर. किती वेळा सांगू?"

"सांगू नका. दाखवा."

आता मात्र तोंडवाली हट्टाला पेटली. घरी जाऊन तिनं माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली, नवऱ्याला शिंका येईपर्यंत धूळ उडवली, आणि मुलाच्या शाळेच्या निकालांच्या खाली तो कागद सापडला. तिनं तो उघडूनही पाहिला नाही. अक्षरं बारीक होती आणि भाषा डॉक्टरांची. दुसऱ्या दिवशी आपण शिवलेल्या एका पिशवीत घालून तो तिनं सिस्टरसमोर नेऊन ठेवला, आता हिचं तोंड बंद होईल अशा बेतानं.

सिस्टरनं चष्मा नाकावर चढवला आणि कागद दोनदा वाचला. मग तिनं विचारलं, "मावशी, पूर्ण काढली असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"डॉक्टरांनीच. शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले, पिशवी काढली, आता काळजी नाही."

सिस्टरनं टेबलावरची कापडी पिशवी उचलली, उलटी धरली, तोंड खाली. मग तिनं तोंडाच्या दुमडीच्या जरा वर आडवा हात धरला. "इथून काढलीय," ती म्हणाली. "वरचा सगळा भाग. हे खालचं तोंड तसंच ठेवलंय. काही वेळा ठेवतात. कागदात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे तुमची तपासणी व्हायला हवी होती. अकरा वर्षं."

तोंडवाली त्या पिशवीकडे बघत राहिली. तोंडावरची दुहेरी टीप तिच्याच हातची होती.

"म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणा की," ती सवयीनं बोलून गेली. पण तिलाच हसू आलं नाही. अकरा वर्षं तिच्या अंगात असलेली गोष्ट तिला सोडून त्या कागदाला माहीत होती. तिला राग आला. डॉक्टरांचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. जगाला प्रश्न विचारणाऱ्या या बाईनं स्वतःच्या पोटाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

"आज रिकामा वेळ आहे," सिस्टर म्हणाली. "पाच मिनिटांत करून टाकू?"

तोंडवालीच्या तोंडचं पाणी पळालं. "आज?" ती म्हणाली. "आज नाही हो जमायचं. मला परगावी जायचंय."

ती घरी आली ती थेट स्वयंपाकघरात जाऊन बसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे तिनं आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आता ते तिच्यावरच उलटलं होतं. पण तिचं तोंड कडू झालं होतं ते यानं नाही. तिला जावेची आठवण झाली होती. तेच डॉक्टर, तोच दवाखाना, तेच वर्ष. आणि डाग. पिशवीच नाही तर तोंड कुठलं, असं म्हणून आपण तिला दारातून परत पाठवलं. जावेचं तोंडही जागेवरच असलं, आणि त्यालाच काही झालं असलं, तर?

तरी ती लगेच उठली नाही. संध्याकाळ तशीच गेली, आणि दुसरा दिवसही. कारण जावेला सांगायचं म्हणजे जाऊ विचारणार, की तुम्ही केलीत का? आणि का नाही केली, हे तोंडवालीनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांची कारणं पोतंभर गोळा करणाऱ्या बाईनं स्वतःचं कारण सत्तावीस वर्षं दाबून ठेवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी पिशवी काढली तेव्हा बायका रीतसर हळहळायला आल्या. हिनंही रीतसर डोळ्याला पदर लावला. पण मनात तेव्हा एकच शब्द होता, की सुटले. आता आपल्याला जागेपणी त्या टेबलावर कुणी झोपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती जावेकडे गेली. जाऊ वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तोंडवालीनं शेजारी बसून एक चादर हातात घेतली, आणि घडी घालता घालता सगळं सांगून टाकलं. कागद, उलटी पिशवी, सिस्टरचा आडवा हात. "मी चुकले गं," ती म्हणाली. "मला काही माहीत नसताना मी तुला शहाणपण शिकवलं. तुझा कागद काढ. आणि आज मी सिस्टरला फोन करून विचारलं, ती म्हणते, डाग दिसत असेल तर कागदाचीही वाट बघायची नाही. लगेच दाखवायचं."

जावेनं तीन शर्टांच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "ताई, मी महिनाभर मन घट्ट करत होते. रोज निघायचे आणि कोपऱ्यावरून परत यायचे. त्या दिवशी कशीबशी पोचले. तुम्ही एका वाक्यात घालवलंत. आता माझ्याच्यानं पुन्हा नाही व्हायचं."

"अगं, असं नको म्हणू."

"तुम्ही केलीत?"

आता इथं तोंडवालीला खोटं बोलता आलं असतं. केली, काही नाही त्यात, चल, असं म्हटलं असतं तर जाऊ कदाचित उठलीही असती. ते तिच्या जिभेवर आलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"का?"

तोंडवालीनं हातातली चादर मांडीवर ठेवली. "मुलाच्या वेळी," ती म्हणाली आणि थांबली. मग पुन्हा सुरुवात केली. "मुलाच्या वेळी एक बाई तपासत होती. फार दुखत होतं गं. मी म्हटलं, थांबा, जरा थांबा. कितीदा म्हटलं. ती थांबलीच नाही. वर मांडीवर फाडकन एक ठेवून दिली आणि म्हणाली, आता कशाला रडतेस? सगळ्या हसल्या तिथल्या. तेव्हापासून मला ते टेबल नको वाटतं."

जाऊ तिच्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा बोलायची पाळी थोरलीची संपली आणि धाकटीची आली.

"मला दोन ठेवल्या होत्या," जाऊ म्हणाली.

आणि मग, कशानं कुणास ठाऊक, आधी धाकटीला हसू फुटलं. दोन का, माझं काय जास्त दुखत होतं? असं ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. थोरलीनं तिचं डोकं खांद्यावर घेतलं. एकाच घरात सून म्हणून आलेल्या, एका चुलीवर सहा वर्षं रांधलेल्या त्या दोघी, आणि ही गोष्ट दोघींनी एकमेकींपासून इतकी वर्षं लपवली होती. तोंडवालीला रडताना सुद्धा त्याचं आश्चर्य वाटत होतं.

"आधी मी जाते," शेवटी ती म्हणाली. "तू बाहेर बस. मी बाहेर येऊन तुला खरं काय ते सांगेन. खरं तेच. मग तू ठरव."

जावेला पुढं दोनदा मोठ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, काहीतरी बारीकसं निघालं, ते त्यांनी तिथल्या तिथं काढून टाकलं, आणि आज ती ठणठणीत आहे. हे आताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव त्यातच अडकून राहायचा. पण त्या सकाळी, लोखंडी दांडीवरच्या त्या खुर्च्यांत बसलेल्या दोघींना यातलं काही ठाऊक नव्हतं. जावेचाही जुना कागद सापडला होता. तिचंही तोंड ठेवलेलं होतं.

तोंडवालीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिला उठायला दोन वेळा जोर लावावा लागला.

आतली खोली लहान होती. एक टेबल, एक दिवा, आणि दोन कड्या निसटलेला पडदा. सिस्टरनं तिच्या हातात घडी घातलेली चादर दिली आणि सांगितलं, की कमरेखालचे कपडे काढा, मी पडद्याबाहेर आहे, तयार झालात की हाक मारा. तोंडवालीनं कपडे काढले, त्यांची नीट घडी घातली आणि आतला कपडा त्या घडीच्या मधोमध लपवला. जिला आता सगळंच दिसणार आहे, तिच्यापासून हा एवढा कपडा कशाला लपवायचा, असा प्रश्न तिला पडला, आणि एवढ्या भीतीतही तिनं तो पडद्यापलीकडे विचारला.

"सगळ्याच लपवतात," सिस्टरचा आवाज आला. "मीसुद्धा लपवते."

मग तिनं ते हत्यार बघायला मागितलं. सिस्टरनं नवं कोरं पाकीट फोडून तिच्या हातात दिलं. चिमटा आणि चमचा यांच्या मधलं काहीतरी होतं, प्लास्टिकचं, मागं स्क्रू असलेलं. तोंडवालीनं ते उघडून मिटून बघितलं. मग तो ब्रश बघितला, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच ते. यानं एवढं घाबरलो आपण, असं तिला वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. भीती ब्रशची नव्हतीच.

"पाय असे ठेवा," सिस्टर म्हणाली. "आणि एक सांगते. मधेच नको वाटलं, तर थांबा म्हणा. मी आहे तिथं थांबेन. तुम्ही सांगितल्याशिवाय पुढं काही करणार नाही."

"खरंच थांबता?"

"म्हणून बघा."

सिस्टरनं हात पुढं केला तेवढ्यात तोंडवाली म्हणाली, "थांबा." काहीच झालं नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं. सिस्टरचा हात होता तिथं थांबला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. सिस्टर कंटाळली नाही, हसली नाही, तिनं घड्याळाकडेही पाहिलं नाही. "करा," तोंडवाली म्हणाली. दुसऱ्यांदा तिनं जे थांबा म्हटलं, ते मात्र बघायला म्हणून नव्हतं. ते घशातून आपोआप आलं, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या आवाजात. हात लगेच मागं गेला. ती छताकडे बघत पडून राहिली. डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं आणि ते पुसायचीही तिला घाई वाटेना. "करा आता," ती पुन्हा म्हणाली.

मग झालंच. जरासं ओढल्यासारखं वाटलं, बस्स.

बाहेर आली तेव्हा जाऊ उभीच होती, पर्स पोटाशी धरून.

"कसं असतं?" तिनं विचारलं.

हाच प्रश्न तोंडवालीनं या दोन महिन्यांत पन्नास जणींना विचारला होता. आता तिला स्वतःला उत्तर द्यायचं होतं, आणि तिला दिवा, स्क्रू, ब्रश यातलं काही सांगावंसं वाटलं नाही.

"मी थांबा म्हटलं," ती म्हणाली. "तर थांबली."

जाऊ तिच्या तोंडाकडे निरखून बघत राहिली. "खरंच?"

"दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा थांबली."

जावेनं एक मोठा श्वास घेतला, पर्स थोरलीच्या हातात दिली आणि ती आत गेली. दार लागलं. तोंडवाली खुर्चीवर बसली नाही. दोन पर्स घेऊन ती दाराजवळ उभी राहिली. आत पावलं वाजली, पडद्याच्या कड्या वाजल्या, सिस्टरचं काहीतरी हळू बोलणं ऐकू आलं. नंतर बराच वेळ काहीच नाही.

मग आतून जावेचा आवाज आला, इतका मोठा की बाहेर बसलेल्या बायकांनी माना वर केल्या.

"थांबा!"

सगळं थांबलं. तोंडवालीनं श्वास धरला. आतून कुणी काही बोललं नाही, कुणी हसलं नाही.

"हं," थोड्या वेळानं जाऊ म्हणाली. "आता करा."